फ्रीलान्सरची फाईल: सोलापुरातून स्पेनचा रिमोट वर्क व्हिसा

सोलापुरातून स्पेनच्या रिमोट वर्क व्हिसाची तयारी करायची, तर सगळ्यात आधी गेल्या सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा आणि टेबलावर पसरून बसा. बार्सिलोना की वालेन्सिया, घरभाडं किती, विमान कुठून, हे सगळं नंतर. पगारदार माणसाच्या बाजूने त्याची कंपनी बोलते. त्याच्याकडे नेमणूकपत्र असतं, पगाराची पावती असते, फॉर्म १६ असतो. फ्रीलान्सरच्या बाजूने बोलायला कोणी नसतं. त्याची बिलं, बँकेतल्या नोंदी, इन्कम टॅक्सचं रिटर्न आणि क्लायंटचं पत्र हेच त्याचे चार साक्षीदार. या चौघांची जबानी जुळली पाहिजे. एकाने जरी वेगळा आकडा किंवा वेगळं नाव सांगितलं, तर कॉन्सुलेटकडून जादा कागद मागणारं पत्र येतं, आणि ते द्यायला सहसा दहाच दिवस मिळतात. दहा दिवसांत सोलापुरातून एखादा नवा दाखला काढून, मुंबईला शिक्का मारून, भाषांतर करून देणं जवळजवळ अशक्य आहे. ही फाईल मी सोलापुरात बसून लावली. त्यात वेळ कुठे गेला आणि काय आधी केलं असतं तर वाचला असता, ते इथे सांगतो.

स्पेनने २१ डिसेंबर २०२२ च्या २८/२०२२ या कायद्याने हा व्हिसा आणला. लोक त्याला डिजिटल नोमॅड व्हिसा म्हणतात, पण कायद्यातलं नाव आंतरराष्ट्रीय टेलिवर्कचा व्हिसा असं आहे. कॉन्सुलेटच्या संकेतस्थळावर तेच नाव शोधा. काम कॉम्प्युटर आणि इंटरनेटवरूनच होणारं हवं. क्लायंट स्पेनबाहेरचे हवेत. फ्रीलान्सरला स्पॅनिश क्लायंटही चालतो, पण एकूण कामाच्या २० टक्क्यांपर्यंतच. ज्या क्लायंटच्या जोरावर अर्ज करताय त्याचं काम किमान तीन महिन्यांपासून चालू हवं, आणि ती कंपनी स्वतः किमान एक वर्ष धंद्यात असलेली हवी. तुमच्याकडे पदवी हवी, नाहीतर त्याच कामाचा तीन वर्षांचा अनुभव.

‘स्पेनबाहेरचे’ याचा अर्थ भारताबाहेरचेच असा नाही. पुण्याची किंवा हैदराबादची कंपनीही चालते. डॉलरमध्ये कमावणाऱ्यांनाच हा व्हिसा मिळतो असं समजून आपल्याकडची चांगली कमावती मंडळीही चौकशी करत नाहीत, याचं वाईट वाटतं.

उत्पन्नाची अट स्पेनच्या किमान वेतनाला बांधलेली आहे आणि ते वेतन दर वर्षी बदलतं, म्हणून अर्जाच्या वर्षाचा आकडा स्वतः तपासायचा. अर्जदाराला किमान वेतनाच्या दुप्पट उत्पन्न दाखवावं लागतं. २०२५ साली ते वेतन महिना ११८४ युरो होतं. लोक त्याला दोनाने गुणतात आणि २३६८ वर थांबतात. तिथेच चुकतं, कारण स्पेनमध्ये वर्षाला १४ पगार धरतात. ११८४ गुणिले १४ म्हणजे १६,५७६. भागिले १२ म्हणजे १३८१.३३, त्याची दुप्पट २७६२.६७ युरो. नवरा किंवा बायको बरोबर येणार असेल तर त्या १३८१.३३ चे आणखी ७५ टक्के, म्हणजे १०३६. त्यापुढच्या प्रत्येक माणसामागे २५ टक्के, म्हणजे ३४५.३३. नवरा, बायको आणि एक मूल मिळून ४१४४ युरो. हिशेबापुरता युरो १०० रुपयांचा धरला तर एकट्याला महिन्याला पावणेतीन लाखांच्या वर आणि तिघांना चार लाख चौदा हजार. उत्पन्न रुपयात येत असेल तर काठावर अर्ज करू नका. युरो दोन-चार रुपयांनी चढला तरी तुम्ही अटीच्या खाली जाता. निदान १० टक्के तरी वर असावं.

हा आकडा सोलापूरच्या मानाने मोठा आहे, ते आधीच समजून घेतलेलं बरं. तिथवर पोहोचत नसाल तर मलेशियाचा डीई रान्ताऊ पास बघा. आयटी आणि डिजिटल कामाला वर्षाला २४,००० डॉलर, इतर कामाला ६०,००० डॉलर अशी त्याची अट आहे. तीन ते बारा महिन्यांसाठी मिळतो, पुढे वाढवता येतो, आणि अर्ज ऑनलाइन आहे. जपाननेही २०२४ साली सहा महिन्यांचा असा व्हिसा सुरू केला, पण तो ज्या देशांना तिथे व्हिसामाफी आहे त्यांनाच आहे. भारत त्या यादीत नाही.

आता रिटर्न. आपल्याकडचे बरेच फ्रीलान्सर इन्कम टॅक्सच्या कलम ४४एडीएखाली रिटर्न भरतात. म्हणजे जमा झालेल्या रकमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची आणि खर्चाचे हिशेब ठेवायची कटकट नाही. कर भरायला हे सोयीचं आहे, पण व्हिसाच्या फाईलमध्ये तेच अडचणीचं ठरतं. समजा वर्षाला ३६ लाख जमा झाले. रिटर्नच्या पहिल्या पानावर उत्पन्न दिसतं १८ लाख. बँक ३६ सांगते, रिटर्न १८ सांगतं, आणि स्पेनच्या अधिकाऱ्याला आपलं ४४एडीए ठाऊक असायचं कारण नाही. महिन्याला दीड लाख, म्हणजे अट पुरी होत नाही, असाच अर्थ तो लावणार. याला उपाय एकच. रिटर्नचं जे पान एकूण जमा दाखवतं ते पूर्ण जोडायचं, नुसती पोचपावती नाही. आणि सीएकडून प्रमाणपत्र घ्यायचं. त्यात एकूण व्यावसायिक जमा, त्यातली प्रत्येक क्लायंटची रक्कम, निम्मं उत्पन्न दाखवायची कायद्यातली तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च किती झाला हे चार मुद्दे स्पष्ट लिहिलेले असावेत. प्रमाणपत्रावर १८ आकडी यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळखक्रमांक, नसेल तर घेऊ नका. त्या क्रमांकावरून कोणीही ते ऑनलाइन पडताळू शकतं. आपले सीए दोन ओळींचं ‘टु हूमसोएव्हर’ देतात, त्याने काम भागत नाही. मजकूर स्वतः लिहून न्यावा आणि त्यांच्याकडून तपासून घ्यावा.

जमा २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते, आणि स्पेनची अट पुरी करणारा माणूस त्या रेषेच्या वर असतोच. परदेशी क्लायंटचं काम निर्यात धरलं जातं; दर वर्षी एलयूटी (कर न आकारता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरला की त्यावर जीएसटी न आकारता बिल करता येतं. एलयूटीची आणि जीएसटी रिटर्नची प्रत फाईलमध्ये ठेवली की बिलांना सरकारी आधार मिळतो. बिलांना क्रमांक सलग हवेत. १७ नंतर एकदम २३ असेल तर मधली बिलं कुठे गेली हा प्रश्न येतोच.

बँकेचं प्रकरण सगळ्यात किचकट आहे. परदेशातून पैसे आले की ते कशाचे हे सांगणारा पर्पज कोड बँक त्यावर टाकते. सॉफ्टवेअर सल्ला किंवा अंमलबजावणीला पी०८०२, व्यवस्थापन सल्ल्याला पी१००६, जाहिरातीच्या कामाला पी१००७. तुम्ही काही कळवलं नाही तर शाखेतला माणूस समोर दिसेल तो कोड टाकून मोकळा होतो. कधी कधी पी१३०१ पडतो. त्याचा अर्थ परदेशातल्या नातेवाईकाने घरखर्चाला पाठवलेले पैसे. बिल म्हणतं वेबसाइटचं काम, एफआयआरसी (परदेशातून पैसे आल्याचा बँकेचा दाखला) म्हणते घरखर्च. ही एक नोंद अख्ख्या महिन्याच्या उत्पन्नावर शंका आणते. म्हणून अर्जाच्या निदान सहा महिने आधीपासून प्रत्येक रकमेला योग्य कोड मागायचा आणि प्रत्येक रकमेची एफआयआरसी किंवा एफआयआरए त्याच महिन्यात काढून ठेवायची. जुन्या नोंदींची एकदम मागितली तर शाखा ती बँकेच्या फॉरेक्स विभागाकडे पाठवते आणि आठवडे जातात.

पेपाल किंवा फ्रीलान्सिंग प्लॅटफॉर्मवरून पैसे येत असतील तर स्टेटमेंटमध्ये क्लायंटचं नाव दिसतच नाही, मध्यस्थाचं दिसतं. रक्कमही बिलाएवढी नसते, कारण फी आणि चलनबदलाची वजावट मध्येच होते. याला एक तक्ता करावा लागतो. बिल क्रमांक, तारीख, क्लायंट, बिलाची रक्कम, मध्यस्थाची फी, बँकेत जमा झालेले रुपये, जमा तारीख आणि स्टेटमेंटचा पान क्रमांक. सहा महिन्यांच्या नोंदी साधारण दोन पानांत बसतात. मागितलेल्या यादीत हा तक्ता नव्हता, पण माझ्या मते फाईलमधला सगळ्यात उपयोगी कागद तोच आहे. तो करतानाच कुठे काय जुळत नाही हे तुम्हाला कॉन्सुलेटच्या आधी कळतं.

भारतीय क्लायंट असेल तर टीडीएसचा खड्डा आहे. एक लाखाचं बिल आणि बँकेत ९० हजार, कारण १० टक्के कापले. २६एएस (कापलेल्या कराचा कर खात्याकडचा उतारा) आणि फॉर्म १६ए (क्लायंटने दिलेला करकपातीचा दाखला) जोडून तक्त्यात टीडीएसचा वेगळा रकाना ठेवला की हिशेब पूर्ण होतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरींच्या कारखान्यांसाठी कॅटलॉग, फोटो, वेबसाइट करणारे बरेच जण आहेत. त्यांचं काम या व्हिसाला बसतं, पण पैसे अर्धे रोखीत आणि अर्धे घरच्या कोणाच्या तरी खात्यावर यूपीआयने आलेले असतात. ते उत्पन्न फाईलपुरतं शून्य. मालकाशी बोलून, करार करून, सगळं बिलावर आणि स्वतःच्या खात्यात घ्यायला सुरुवात केली, की त्या दिवसापासून तीन महिने मोजायला लागायचे.

क्लायंटचं पत्र कंपनीच्या लेटरहेडवर हवं. त्यात काम कधीपासून चालू आहे ती तारीख, कामाचं स्वरूप, मोबदला, करार कधीपर्यंत, आणि हे काम स्पेनमध्ये राहून करायला कंपनीची हरकत नाही हे वाक्य. हे शेवटचं वाक्य नसेल तर पत्राचा उपयोग नाही, आणि क्लायंट नेमकं तेच लिहायला कचरतात. त्यांना वाटतं की आपल्यावर स्पेनचा कर किंवा कामगार कायदा येईल. तुम्ही स्वतंत्र व्यावसायिक म्हणून नोंदणी करणार आहात आणि कर, सामाजिक सुरक्षा तुमची तुम्ही भरणार आहात, हे आधीच ईमेलवर समजावून सांगा. कंपनी एक वर्ष जुनी आहे याचा पुरावाही त्यांच्याकडूनच येतो. अमेरिकेतली कंपनी असेल तर तिच्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून ‘गुड स्टँडिंग’चा दाखला, आणि त्यावर अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात मानला जावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का, त्याच कार्यालयाचं. ब्रिटनमधली असेल तर कंपनीज हाऊसची नोंद. क्लायंट परक्या माणसासाठी एवढी पायपीट करेलच असं नाही. म्हणून अर्ज चार छोट्या क्लायंटवर उभा करण्यापेक्षा एका मोठ्या, समजूतदार क्लायंटवर उभा करावा आणि बाकीचे आधाराला ठेवावेत.

नावांबद्दल सोलापूरकरांनी जरा जास्तच काळजी घ्यावी. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनाव आणि नाव वेगवेगळ्या रकान्यांत. पॅनवरच्या नावात कधी वडिलांचं नाव आहे, कधी नाही. तेलुगू आणि कन्नड आडनावांची इंग्रजी स्पेलिंगं तर दाखल्यागणिक बदलतात. सिद्धेश्वर हे नाव इंग्रजीत किती प्रकारे लिहिलं जातं ते आपल्याला ठाऊक आहे. ही सगळी नावं एकाच माणसाची आहेत असं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा, पण बँक आणि पॅन यांवरचं नाव मात्र आधी पासपोर्टप्रमाणे दुरुस्त करून घ्या. प्रतिज्ञापत्रावर फार भार टाकू नये. मुलांचे महापालिकेचे जन्मदाखले उघडून बघा. जन्मानंतर लगेच काढलेल्या दाखल्यावर मुलाचं नाव नसतंच, जागा कोरी असते. ते नाव आधी नोंदवून नवा दाखला घ्यावा लागतो. लग्नाचं प्रमाणपत्र म्हणजे नोंदणीचं. मंगल कार्यालयाची पावती आणि पत्रिका चालत नाही.

पोलिसांचा दाखला घेताना एक घोळ नेहमी होतो. नोकरीसाठी जी चारित्र्य पडताळणी आपण पोलिसांकडून काढतो तो हा कागद नव्हे. इथे पासपोर्ट सेवेच्या पोर्टलवरून काढायचा पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) लागतो, फी ५०० रुपये. आपल्याला तो पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाकडून मिळतो. अर्जात देश स्पेन लिहा. सध्याचा पत्ता पासपोर्टवरच्या पत्त्यापेक्षा वेगळा असेल तर पडताळणी कुठल्या पोलीस ठाण्याकडे जाते ते बघा. जुळे सोलापूरमध्ये राहणाऱ्याची शहर आयुक्तालयाकडे, बार्शी-पंढरपूरवाल्याची ग्रामीणकडे. गेल्या दोन वर्षांत ज्या ज्या देशात राहिलात तिथला दाखला लागतो, आणि गेल्या पाच वर्षांत गुन्हा नाही असं स्वतःचं लेखी निवेदनही. पीसीसीला सहा महिन्यांहून जुना होऊ देऊ नका. म्हणून तो अगदी पहिल्या दिवशी काढायची घाई करू नये. क्लायंटची पत्रं हातात आली की मग काढा.

मग अपोस्टील. पीसीसी पासपोर्ट कार्यालयाचा असल्यामुळे त्यावर थेट परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील होतं. पदवी, जन्म आणि लग्नाचे दाखले यांना आधी राज्य शासनाचं साक्षांकन लागतं, मग अपोस्टील. मंत्रालयाची मूळ फी कागदामागे ५० रुपयेच आहे. जास्तीचे पैसे जातात ते अर्ज गोळा करणाऱ्या एजन्सीला आणि मधल्या दलालाला. पदवी सोलापूर विद्यापीठाची असेल तर पडताळणीचं काम गावातच होतं. विद्यापीठ २००४ साली झालं, त्याआधी आपली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. त्यामुळे वय चाळिशीच्या पुढे असेल तर कोल्हापूरची एक फेरी धरूनच चाला.

क्रम कधीही उलटा करू नका: आधी अपोस्टील, मग स्पॅनिश भाषांतर. अपोस्टीलचं पानही भाषांतरात यावं लागतं. आधी भाषांतर करून घेतलं तर ते परत करावं लागतं आणि पैसे दुप्पट जातात. भाषांतर स्पेनच्या परराष्ट्र मंत्रालयाने नेमलेल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच हवं. ते इंग्रजीतून करतात. कागद फक्त मराठीत असेल तर आधी त्याची इंग्रजी प्रत लागते, म्हणून महापालिकेकडून दोन्ही भाषांतला नमुना मागून घ्या.

विमा हा नकाराचा एक मोठा मुद्दा. शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या) पर्यटन व्हिसासाठी ३० हजार युरोचा जो प्रवास विमा आपण घेतो तो इथे चालत नाही. स्पेनमध्ये धंदा करायची परवानगी असलेल्या कंपनीचा पूर्ण आरोग्य विमा लागतो. उपचाराच्या वेळी तुमच्या खिशातून काही भरावं लागू नये, आणि पहिले काही महिने अमुक आजार धरला जाणार नाही अशी अटही नको. पॉलिसीच्या स्पॅनिश दाखल्यावर ‘सिन कोपागो’ आणि ‘सिन कारेन्सियास’ हे दोन शब्द दिसले पाहिजेत.

परदेशी माणसाचा ओळखक्रमांक, एनआयई, व्हिसाआधी घ्यावा लागतो. अर्ज ईएक्स-१५, फीचा फॉर्म ७९०-०१२. पासपोर्ट निदान एक वर्ष चालणारा, दोन कोरी पानं असलेला.

महाराष्ट्र मुंबईच्या स्पॅनिश कॉन्सुलेटच्या कक्षेत येतो. अपॉइंटमेंट सकाळची असेल तर रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस. वंदे भारत सोलापुरातून सकाळी सुटते आणि मुंबईत दुपारीच पोहोचते, ती दुपारच्या वेळेलाच उपयोगी. प्रत्येक कागदाचं मूळ आणि झेरॉक्स वेगळ्या गठ्ठ्यात, त्यांच्या यादीच्याच क्रमाने. वर एक पानाचं कव्हर लेटर: मी कोण, काय काम करतो, कोणासाठी, महिन्याला किती, कुठल्या पानावर पुरावा. काउंटरवर मूळ पदवी परत मिळते की नाही हे तिथेच विचारून घ्यावं.

कायद्याप्रमाणे निर्णय दहा कामकाजाच्या दिवसांत व्हायचा, पण जादा कागद मागितले की घड्याळ थांबतं. नकार आला तर एक महिन्यात त्याच कार्यालयाकडे फेरविचार मागता येतो, दोन महिन्यांत माद्रिदच्या न्यायालयात जाता येतं. नुसता उत्पन्नाचा घोळ असेल तर मी नव्याने अर्ज करायला सांगेन. नकारपत्रातलं कारण नीट वाचून तोच कागद पक्का केला की झालं.

दुसराही एक रस्ता आहे. स्पेनमध्ये कायदेशीरपणे असताना तिथूनच अर्ज केला तर एक वर्षाच्या व्हिसाऐवजी थेट तीन वर्षांपर्यंतचा परवाना मिळू शकतो, निर्णयाची मुदत वीस कामकाजाचे दिवस, आणि त्या मुदतीत उत्तर आलं नाही तर अर्ज मंजूर धरतात. आपल्याला मात्र आधी शेंगेन व्हिसा लागतो, आणि तो पुष्कळदा नव्वद दिवसांचा नसून प्रवासाच्या तारखांपुरताच मिळतो. तेवढ्या दिवसांत तिथे वकील शोधून अर्ज टाकायचा म्हणजे सगळे कागद अपोस्टील आणि भाषांतरासह सोलापुरातूनच तयार न्यावे लागतात. एक जरी राहिला तर परत यायची वेळ येते.

सामाजिक सुरक्षेचा मुद्दा फ्रीलान्सरला टाळता येत नाही. आपण ईपीएफओत (नोकरदारांच्या भविष्यनिर्वाह निधीत) नसतो, त्यामुळे सामाजिक सुरक्षा भारतात भरतो असं कसलंही कव्हरेजचं प्रमाणपत्र मिळत नाही. म्हणून स्पेनच्या स्वयंरोजगाराच्या योजनेत, आरईटीएमध्ये, नोंदणी करीन असं लिहून द्यावं लागतं आणि तिथे पोहोचल्यावर ती करावीही लागते. नव्याने नोंदणी करणाऱ्याला पहिले बारा महिने साधारण ८० युरो महिना एवढा सवलतीचा हप्ता आहे. ती सवलत नोंदणी करतानाच मागायची, नंतर मिळत नाही.

तिकडे गेल्यावर आधी राहत्या घराच्या पत्त्याची नगरपालिकेत नोंद, मग कर खात्यात ०३६ फॉर्म आणि आरईटीए. वर्षात १८३ दिवसांहून जास्त राहिलात की तुम्ही स्पेनचे कर-रहिवासी. भारताशी दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण दोन्हीकडचे हिशेब एकाच तक्त्यावरून काढता यावेत म्हणून तो बिलांचा तक्ता चालूच ठेवा. व्हिसा संपण्याआधीच्या ६० दिवसांत पुढच्या परवान्याचा अर्ज करायचा असतो. आणि तिमाही आगाऊ कराचा १३० नंबरचा फॉर्म २० एप्रिल, २० जुलै, २० ऑक्टोबर आणि ३० जानेवारी या तारखांना. पहिल्या तिमाहीत एकही बिल निघालं नसलं तरी तो शून्य लिहून भरावाच लागतो.